बुचाचा आवाज

सडक अर्जुनी
४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चि. गुंजन,

काकाजीचा आशीर्वाद. तू पुण्याला नीट पोचल्याचं वहिनीकडून कळलं. इकडे घरचे सगळे बरे आहेत. हलका धान दिवाळीआधीच आला होता, आता भारी धानाची कापणी चालू आहे. मजूर मिळेनात म्हणून दुधरामदादा, म्हणजे तुझे बाबा, स्वतः विळा घेऊन बांधीत उतरले आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून खाटेवर. तुझी आई म्हणाली, "तुमी धान कापून रायले का धान तुमाले?" दादा हसले. तू पुण्यात बारच्या काउंटरवर काम करतेस म्हणून दोन वर्षं ज्या माणसाने तुझं नाव घरात काढू दिलं नाही, तो आता पारावर बसून सांगतो की पोरगी गोंदियाला येऊन राहिली, मॅनेजर होऊन.

तेच लिहायला बसलो आहे.

बिरसीच्या रस्त्यावर सेठच्या नव्या हॉटेलचं काम जवळजवळ झालं. इंद्रकुमार सेठनी मला परवा मुद्दाम गाडीत घालून नेऊन दाखवलं. काचेचा काउंटर आहे, त्याच्या खालून दिवे लागतात. विमानतळ जवळ, शिवाय विमान चालवायला शिकणारी मुलंमुली तिथे राहतात, त्यांना भेटायला मोठ्या गावांहून आईवडील येतात. सेठ म्हणाले, "ऐसे लोगों के सामने मेरे वेटर क्या बोलेंगे? गुंजन को बुला लो, सेवकरामजी. घर की बच्ची घर में." पगार तू फोनवर ऐकलाच आहेस. पुण्यापेक्षा थोडा कमी, पण जेवण घरचं आणि आईची औषधं डोळ्यासमोर.

सोबत कागद पाठवत आहे. नोकरनाम्याचा अर्ज आहे. तुला माहीतच आहे, परवाना मालकाचा असतो, पण काउंटरवर दारू विकणाऱ्या नोकराचं नाव आणि फोटो उत्पादन शुल्क खात्यात नोंदवावा लागतो. जिथे सही करायची तिथे मी पेन्सिलीने फुली केली आहे. अर्ज दोन आहेत. एक नव्या हॉटेलचा आणि एक आपल्या हायवेवरच्या जुन्या बारचा. दुसरा फक्त कागदापुरता आहे, त्याचं मनावर घेऊ नको. सेठचं म्हणणं, दोन्हीकडे एकच मॅनेजर असला की सोयीचं. सह्या करून, तीन फोटो लावून लगेच पाठव. सोमवारी १७ तारखेला कागद द्यायचे आहेत.

दिवाळीत तू दुपारी बारमध्ये आली होतीस तेव्हा एका बाटलीचा वास घेऊन जे बोललीस, ते डोक्यातून काढून टाक. थंडीगरमीने वास बदलतो. मी तुझ्यावर ओरडलो, ते मात्र ओरडायला नको होतं.

आणखी काही विशेष नाही. समोरचा पंक्चरवाला केवळराम आजारी आहे, गोंदियाच्या दवाखान्यात आहे. डोळ्यांनी कमी दिसतं म्हणतात. लोक म्हणतात शुगर असेल. कापणी आटोपली की मी बघून येईन.

कागद लवकर पाठव.

तुझा काकाजी
सेवकराम


सडक अर्जुनी, पोस्ट ऑफिस
१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

गुंजन,

सकाळी फोनवर तुला एवढंच बोललो, "बेटा, पत्र येईपर्यंत कागद टाकू नको." तू म्हणालीस, "काकाजी, सह्या तर झाल्या, पाकीट पर्समध्येच आहे. राजीनामाही दिला, १५ तारीख शेवटची. काऊन, काय झालं?" मी फोन ठेवला. मग तू चार वेळा लावलास. मी उचलला नाही. तुझा आवाज ऐकला की मला बोलता येत नाही. या आठवड्यात मी तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा धान कापणीचं बोललो, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

पोस्टाच्या बाकावर बसून लिहितो आहे. सव्वाअकरा वाजले आहेत. एक वाजता गोंदियाची बस आहे. त्याआधी हे पत्र स्पीड पोस्टाने गेलं पाहिजे.

आधी कामाचं. ते दोन्ही अर्ज फाड. नव्या हॉटेलचा पण. तुझ्या साहेबांना आजच भेट आणि राजीनामा परत माग. कारण विचारलं तर सांग, माझ्या काकाने मला फसवलं. हे खरं आहे, आणि खरं बोलायला तुला लाज नाही.

आता बाकीचं.

माझ्या गळ्यात माळ आहे ती सोळाव्या वर्षी पडली. दहावी झालो आणि पुढे शाळा नव्हती. बाविसाव्या वर्षी हायवेवरच्या धाब्यावर रोट्या वाढायला लागलो. वर्षभरात धाब्याला परवाना मिळाला, धाब्याचा परमिट रूम झाला आणि सेठच्या वडिलांनी मला काउंटरवर उभं केलं. तुझे आजोबा म्हणाले, "सेवक्या, माळ काढ नाहीतं काउंटर सोड." मी दोन्ही ठेवलं. देवासमोर सांगितलं की विकीन, पण थेंब जिभेला लावणार नाही. सत्तावीस वर्षं लावला नाही. सर्दीच्या औषधाचा वाससुद्धा घेऊन बघतो मी. या गोष्टीचा मला गर्व होता. भजन मंडळात बसलो की वाटायचं, इथल्या कितीतरी जणांपेक्षा माझी माळ जास्त कसोटीला लागलेली आहे.

पहिल्याच वर्षी एका ट्रकवाल्याने माझी कॉलर धरली होती. म्हणाला, बाटलीत पानी हाय. मी चाखून खात्री देऊ शकत नव्हतो. तेव्हापासून मी बाटली ग्राहकाच्या कानाजवळ नेऊन उघडायला लागलो. नवीन बुचाची कडी तुटते तेव्हा कट्ट असा आवाज होतो. जुनं बूच पुन्हा बसवलेलं असलं तर तो होत नाही, झाकण नुसतं लोण्यासारखं फिरतं. मी म्हणायचो, "ऐका भाऊ, मग पैसे द्या." पुढे ती आमच्या बारची रीत झाली. ड्रायव्हर रायपूरपर्यंत सांगायचे, अर्जुनीला माळवाल्याच्या बारमध्ये कानाने बघून पी.

तीन वर्षांपूर्वी सेठनी मागच्या गोदामातून बाटल्या उघडूनच पाठवायला सुरुवात केली. म्हणाले, गर्दीच्या वेळी उघडण्यात वेळ जातो, तुम्ही फक्त पेग मोजा. मी मोजायला लागलो. काऊन म्हणून विचारलं नाही. पव्वे मात्र सीलबंदच यायचे, ते मी कानाजवळ उघडत राहिलो. पुढे पव्वेसुद्धा कधी कधी नुसतेच फिरायला लागले. दहात एखादा. मग पाचात एखादा.

मला कळलं होतं, गुंजन. हे वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले. सत्तावीस वर्षं जो माणूस तोच एक आवाज ऐकतो, त्याला तो बंद झालेला कळत नाही असं होत नाही. पण मी मनाला सांगायचो, आपण चाखत नाही, आपल्याला त्यातलं काय कळतं? माळ आहे ना गळ्यात. सेठ लोकांना सांगायचे, "हमारे सेवकरामजी तो संत आदमी हैं, छूते तक नहीं." मला बरं वाटायचं. त्यांनी मला काउंटरवर का ठेवलं आहे ते मला उशिरा समजलं. पिणारा माणूस पहिल्याच घोटाला ओरडला असता.

दिवाळीत तू आलीस. ग्लासात दोन थेंब ओतलेस, नाकाशी धरलेस आणि जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकलेस. म्हणालीस, "काकाजी, लेबलवर आहे ते हे नाहीच. हे काय आहे तेसुद्धा मला सांगता येत नाही. विकू नका." आणि मी सगळ्या वेटरांसमोर ओरडलो, "चार वर्सं पुन्यात काय रायली, मले शिकवतेस? पोरीच्या जातीनं दारू चाखून दाखवते!" तुझं तोंड एवढंसं झालं. रात्री मंडईच्या जत्रेत तू दंडारीचा खेळ बघायलाही आली नाहीस, डोकं दुखतं म्हणालीस.

त्यानंतर चार दिवसांनी, ३० तारखेच्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास केवळराम आला. टायर काढून हात काळे झालेले. त्याची आणि माझी बोलाचाली तुला माहीत आहे.

"माळकरी, काढ माया वाला."

"पैसे?"

"पैसे देवाच्या पेटीत टाकतो. तूच त पुजारी हायेस."

मी पव्वा घेतला, नेहमीसारखा त्याच्या कानाजवळ नेला आणि फिरवला. आवाज झाला नाही.

केवळराम कान लावून उभा होता. टायरमधली बारीक हवा कानाने शोधणारा माणूस, त्याला फसवणं सोपं नाही. तो माझ्याकडे बघायला वळणार, तेवढ्यात मी तोंडाने आवाज काढला. जीभ टाळूला लावून. कट्ट.

"आयकलो बा," तो म्हणाला, "फुटला."

आणि तिथेच उभ्याने प्यायला.

मी तो आवाज ठरवून काढला नाही, एवढं तरी लिहावं असं वाटतं. पण असं पहिल्यांदाच झालं नव्हतं. याआधीही दोन-तीनदा मी तसं केलं आहे. दुसऱ्या कुणाला ते ऐकून कळलंही नसतं. जी जीभ मी सत्तावीस वर्षं कोरडी ठेवली म्हणून मिरवली, तिने हे काम केलं.

शुक्रवारी सकाळी केवळरामला सगळं धुरकट दिसायला लागलं. शनिवारी त्याला गोंदियाला नेलं. शुगर नाही त्याला. पहिलं पत्र लिहिताना मला ते माहीत होतं.

रविवारी मी सेठकडे गेलो. म्हणालो, "सेठ, गोदामातला माल बंद करा. एका माणसाचे डोळे गेले." सेठ रागावले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाले, "नोकरनामा किसके नाम पर है, सेवकरामजी? कान के पास बोतल कौन खोलता था? मैं तो काउंटर पर कभी खड़ा भी नहीं हुआ." मग ते हळूच म्हणाले की याला एक उपाय आहे. नव्या हॉटेलला मॅनेजर लागणारच आहे. गुंजनला बोलवा, दोन्ही बारचे नोकरनामे तिच्या नावाने करून टाकू, तुम्ही सुटलात. "पढ़ी-लिखी है, बाहर रही है, संभाल लेगी." तिथेच फोन लावायला लावला, स्पीकरवर. तू विचारलंस, "काकाजी, मी येऊ का? तुम्ही म्हणाल तसं." मी म्हणालो, "हो बेटा, ये." तो फोन आठव. मी घसा खाकरत होतो, तू म्हणालीस सर्दी झाली का.

त्याच दिवशी त्यांनी मला बिरसीला नेऊन काचेचा काउंटर दाखवला. मंगळवारी मी अर्जावर फुल्या केल्या. पेन्सिलीला टोक काढून केल्या, रेघ बारीक यावी म्हणून. तुझं नाव त्या जुन्या बारच्या कागदावर लागलं असतं तर पुढच्या केवळरामच्या वेळी पोलीस तुझ्या दारात आले असते. मला हे समजत नव्हतं असं नाही. मी स्वतःला म्हणत होतो, पोरगी हुशार आहे, तिला वास कळतो, ती आली की माल बदलेल. पाप करताना माणसाला कारणं किती नीट सुचतात बघ. त्या दिवशी मी संध्याकाळची प्रार्थनासुद्धा चुकवली नव्हती.

काल मी दवाखान्यात गेलो. केवळरामची बायको प्रेमिला दारात उभी होती. म्हणाली, डावा डोळा गेलाच, उजव्याने हात हलवला तर हलताना दिसतो. मी खाटेजवळ जाऊन उभा राहिलो.

"कोन? सेवक्या काय गा?"

"होय."

"बस. दिसत नाई मले, पन पायाचा आवाज तुयाच हाये."

मी बसलो. त्याने चाचपडत माझा हात धरला.

"डाक्टर इचारत होता, काय पेला, कुठं पेला. मी सांगतलो, घरी. मोहाची."

"काऊन गा असं सांगतलास?"

"काऊन म्हंजे? तुया नाव सांगू काय? तुया हातची पेलो मी. सील कानानं आयकलो. माळकऱ्याच्या हातची खराब कशी राहील? घरच्याच खान्यात काई असन."

त्याने हात सोडला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "दुकानावर पोरं बसवलीत का नाई, पाय जा जरा." मी हो म्हणालो आणि उठलो. जिन्यात आल्यावर माझ्या तोंडातून आपोआप तोच आवाज निघाला, कट्ट. जिन्यातून चढणाऱ्या बाईने वळून बघितलं. मी ओठ दाबून खाली उतरलो.

घरी येऊन तुझ्या काकूला सगळं सांगितलं. ती बराच वेळ धान पाखडत राहिली. मग म्हणाली, "गुंजनले सांगतले काय?" मी म्हणालो नाही. "मंग मले कायले सांगून रायले?" एवढंच बोलली.

आज सकाळी बार उघडला नाही. कुलूप लावून किल्ली खिशात घेतली आहे. सेठ गोंदियाला आहेत, त्यांना दहा वाजता कळलं असेल. त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे, संध्याकाळपर्यंत येऊन उघडतील आणि गोदाम साफ करतील. म्हणून मला एकच्या बसने गेलंच पाहिजे. पिशवीत चार पव्वे आहेत, बूच न उघडलेले. माझा नोकरनामा आहे. आधी दवाखान्यात डॉक्टरांना सांगणार की मोहाची नव्हती, आमच्या काउंटरची होती, मी दिली होती. त्यांना औषध बदलता येत असेल तर बदलू दे. मग उत्पादन शुल्कच्या ऑफिसात जाईन. तिथे काय होईल मला माहीत नाही. बहुतेक मला बसवून ठेवतील. सेठ म्हणतील सगळं यानेच केलं, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे.

मघाशी एक विचार आला होता की निघण्याआधी एक पव्वा उघडून चाखावा, म्हणजे मला स्वतःला सांगता येईल की त्यात काय आहे. मग लक्षात आलं की हा पुन्हा तोच बहाणा आहे. मला चाखून काही नवीन कळणार नव्हतं.

दादांना तू सांगू नको. मी परत आलो तर मी सांगेन, नाही आलो तर काकू सांगेल. ते तुझ्यावर चिडणार नाहीत याची काळजी काकूने घेतली पाहिजे, तसं तिला बोललो आहे. दादा म्हणतील, या लाईनचंच हे फळ. तू ते मानू नको. या लाईनमध्ये दिवाळीत बरोबर वागलेली एकच व्यक्ती होती, ती तू.

राजीनामा परत मिळाला नाही तर दुसरीकडे काम शोध, पण तिकडेच राहा. तुला चाखता येतं, ओळखता येतं आणि ओळखल्यावर सगळ्यांसमोर बोलता येतं. मला यातलं पहिलं येत नव्हतं, दुसरं येत होतं, तिसऱ्याची हिंमत नव्हती.

एक गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस, वहिनीकडून कळली. पुण्यात मुलाखतीला साहेबांनी विचारलं की या कामात यावंसं का वाटलं, तेव्हा तू माझं नाव घेतलंस. म्हणालीस, माझे काका बाटली गिऱ्हाइकाच्या कानाजवळ उघडतात. आणि आता तूही तिथे तशीच उघडतेस, लोकांना आवडतं. रीत चांगली आहे, गुंजन. ती सोडू नको. फक्त ती कुणाकडून घेतली ते यापुढे कुणाला सांगू नको.

पावणेएक झाला. पोस्टमास्तर पाकीट मागत आहेत.

खाली काकाजी असं लिहीत नाही. तो शब्द तू मला म्हणायचीस, यापुढे म्हणायचा की नाही ते तू ठरव. मी नोकरनाम्यावर आहे तेच पूर्ण नाव लिहितो. कधी कुणी तुला या बारबद्दल विचारायला आलं, तर हे पत्र त्यांच्या हातात दे.

सेवकराम कवडू डोंगरवार
वय ४९, राहणार सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया
३० ऑक्टोबरला काउंटरवर मीच होतो.